कामाच्या जागी पंधरा मिनिटांची मालीश: नाशिकच्या कार्यालयांनी आणि कारखान्यांनी ती कशी सुरू करावी

दुपारी तीनच्या सुमारास अंबडमधील एखाद्या कारखान्याच्या हिशेब विभागात किंवा कॉलेज रोडवरील एखाद्या सॉफ्टवेअर कार्यालयात सहज फेरी मारली, तरी कोणी ना कोणी एका हाताने स्वतःचीच मान चेपत बसलेले दिसते. दुखते तेथे हात आपोआप जातो. अडचण इतकीच की एक खांदा दाबायला दुसरा खांदा कामाला लावावा लागतो, त्यामुळे विश्रांती कोणालाच मिळत नाही. हा दाब दुसऱ्या कोणीतरी, ज्याला तो कसा द्यावा हे ठाऊक आहे अशा व्यक्तीने, कामाच्या जागीच आणि कामाच्या वेळेतच द्यावा, अशी व्यवस्था उभी करणे फारसे अवघड नाही. मात्र ती उभी करताना काही गोष्टी सुरुवातीलाच नीट ठरवल्या नाहीत, तर चांगला उपक्रम दोन महिन्यांत बंद पडतो.

येथे ज्या मालीशविषयी लिहिले आहे, ती तेल लावून, आडवे झोपून करायची मालीश नव्हे. अंगावरचे कपडे तसेच ठेवून, पुढे झुकून बसता येईल अशा खुर्चीवर, मान, खांदे, पाठ आणि हात यांच्यापुरती, साधारण पंधरा मिनिटांत संपणारी ही पद्धत आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे डेव्हिड पामर यांनी जपानी ‘आम्मा’ मालीशच्या आधारे १९८० च्या दशकात ती कार्यालयांसाठी बसवली. १९८५ मध्ये ॲपल कंपनी त्यांच्या पहिल्या ग्राहकांपैकी एक होती आणि पुढच्याच वर्षी चेहरा व छाती टेकवता येणारी खास खुर्ची तयार झाली. आपल्याकडे मात्र कपड्यांवरून अंग चेपणे मुळीच नवे नाही. त्याला ‘संवाहन’ असा जुना शब्द आहे आणि आजोबांचे पाय चेपून देण्याचे काम ज्यांनी लहानपणी केले आहे, त्यांना त्यातील निम्मे तंत्र न शिकवता येते.

अपेक्षा किती ठेवावी

स्नायू दुखतो तो नेहमी जास्त कामानेच असे नाही. बरेचदा तो न हलल्यामुळे दुखतो. माणसाचे डोके साधारण पाच किलोचे असते. पडद्याकडे किंवा यंत्राकडे पाहताना ते पुढे झुकले की मानेच्या मागचे आणि खांद्यांवरचे स्नायू ते तोलून धरण्यासाठी तासन्तास आवळलेले राहतात, आणि आवळलेल्या स्नायूतून रक्त मोकळेपणाने खेळत नाही. मध्यम दाबाने हे स्नायू काही काळ सैल होतात, वेदनेची जाणीव कमी होते आणि श्वास संथ होतो. १९९६ मध्ये मायामी विद्यापीठातील टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास प्रौढांवर केलेला प्रयोग या विषयात वारंवार सांगितला जातो. त्यात एका गटाला आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी पंधरा मिनिटे, पाच आठवडे खुर्चीवर मालीश देण्यात आली, तर दुसरा गट तितकाच वेळ त्याच खुर्चीत नुसता विसावला. मालीश मिळालेल्या गटाची चिंता कमी झाली, मेंदूच्या विद्युत आलेखात सतर्कता दिसली आणि त्यांनी गणिते अधिक वेगाने व अधिक अचूक सोडवली.

यापुढे जाऊन जे सांगितले जाते, त्यातले बरेचसे जाहिरातीत शोभणारे आहे. मालीशने शरीरातील ‘विषद्रव्ये’ बाहेर पडतात, याला आधार नाही. स्नायूंतील लॅक्टिक ॲसिड मालीशमुळे निघून जाते, हेही खरे नाही; ते श्रम थांबल्यावर तासाभरात आपोआप ओसरते. कॉर्टिसॉल या तणावाच्या संप्रेरकावर होणारा परिणामही अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर फार अल्प आढळला आहे. म्हणून व्यवस्थापनापुढे प्रस्ताव ठेवताना इतकेच सांगावे की काही तास ते एक-दोन दिवस आराम मिळेल आणि कोणाचे काय दुखते याची माहिती हाती येईल. माझ्या मते त्यातील दुसरा लाभ अधिक मोलाचा आहे, त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

वेळ कोणाची

सातपूर-अंबड परिसरात कामगार कल्याणाचे काम पाहत असताना मी हा उपक्रम पहिल्यांदा ज्या कारखान्यात सुरू होताना पाहिला, तेथे खुर्ची उत्तम होती, थेरपिस्ट कुशल होती, आणि तरीही तिसऱ्या आठवड्यात खुर्ची रिकामी राहू लागली. कारण साधे होते: मालीशची वेळ जेवणाच्या सुट्टीत ठेवली होती. अर्ध्या तासात कॅन्टीनच्या रांगेत उभे राहायचे, जेवायचे, घरी एक फोन करायचा आणि त्यातून पुन्हा मालीशसाठी वेळ काढायचा, हे कोणालाही जमणारे नव्हते. शिवाय भरल्या पोटी पालथे झुकून बसणे त्रासदायकच असते. आयुर्वेदानेही अजीर्ण असताना अभ्यंग वर्ज्य मानला आहे.

म्हणून पहिला नियम असा की ही पंधरा मिनिटे पगारी वेळेतील असावीत. जेवणानंतर किमान एक तास जाऊ द्यावा. कामाची पाळी संपण्याच्या अगदी आधीची वेळही टाळावी, कारण नाशिक रोडला किंवा सिन्नरला जाणारी कंपनीची बस चुकेल या धास्तीने कोणाचेच खांदे सैल होत नाहीत. द्राक्षांच्या हंगामात पिंपळगाव बसवंत किंवा दिंडोरीच्या पॅकहाउसमध्ये ही सोय करायची असेल, तर आणखी एक प्रश्न सोडवावा लागतो: जेथे मजुरी दिवसावर नसून केलेल्या कामाच्या मोजमापावर असते, तेथे मालीशला बसलेल्या बाईचे तेवढे पैसे बुडतात. तिच्या सरासरी कामाइतकी पंधरा मिनिटांची मजुरी धरली नाही, तर ती येणार नाही, आणि तिचे न येणे बरोबरच आहे.

वेळेचे गणित आधी कागदावर मांडावे. पंधरा मिनिटांची मालीश आणि खुर्ची पुसणे, पुढच्या व्यक्तीशी दोन शब्द बोलणे यांसाठी पाच मिनिटे धरल्यास एका तासात तीन जण होतात. थेरपिस्टच्या अंगठ्यांनाही मर्यादा असते, त्यामुळे तिच्याकडून दिवसाला पाच तासांहून अधिक प्रत्यक्ष काम घेऊ नये आणि दर दीड तासाने तिला विश्रांती द्यावी. याचा अर्थ एका थेरपिस्टमागे दिवसाला पंधरा जण. साठ कर्मचाऱ्यांच्या कार्यालयाला एकजण चार दिवस किंवा दोघे दोन दिवस लागतील. वर्षातून एकदा ‘आरोग्य दिन’ म्हणून सगळ्यांना पाच-पाच मिनिटे बसवण्यापेक्षा, ज्यांना खरोखर त्रास आहे अशा वीस जणांना दर आठवड्याला पंधरा मिनिटे देणे कितीतरी उपयोगी ठरते. फोटो मात्र आरोग्य दिनाचेच चांगले येतात, हे मान्य करावे लागेल.

कोणाला बोलवावे आणि कोठे बसवावे

शक्य असल्यास फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हा उपक्रम सुरू करावा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच म्हसरूळला आहे आणि शहरात फिजिओथेरपीचे शिक्षण घेतलेले लोक मिळतात. प्रत्येक मालीश त्यांनीच केली पाहिजे असे नाही. परंतु पहिल्या दिवशी सर्वांची जुजबी तपासणी करणे, कोणाला मालीश देऊ नये हे ठरवणे आणि मालीश करणाऱ्यांचा हात पाहणे, एवढे काम त्यांच्याकडे असावे. मालीश करणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत केवळ प्रमाणपत्रावर विसंबू नये. स्वतः खुर्चीत बसून पाहावे. बसण्यापूर्वी तिने तुमच्या आजारांविषयी विचारले का, दाब वाढवण्याआधी थांबून विचारले का, आणि मान कडकन मोडून दाखवण्याचा मोह तिला झाला का, या तीन प्रश्नांत तिची परीक्षा होते. जपानमध्ये आम्मा मालीश हा शतकानुशतके दृष्टिहीनांचा प्रतिष्ठित व्यवसाय राहिला आहे. आपल्याकडेही प्रशिक्षित दृष्टिहीन व्यक्ती हे काम उत्तम करतात, त्यांचाही विचार जरूर करावा.

खोली शांत व हवेशीर असावी आणि रस्त्यावरची नसावी, इतके पुरे. निफाड-नाशिकची डिसेंबर-जानेवारीतील थंडी लक्षात घेता खोलीत ऊब हवी, कारण कुडकुडणाऱ्या माणसाचे स्नायू हाताखाली सैल होत नाहीत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दीडशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यांना विश्रांतीगृहाची सोय करण्यास सांगितले होते. अशी जागा बहुतेक जुन्या कारखान्यांत असते आणि तिच्यात अनेकदा जुन्या फायली पडलेल्या असतात. त्या हलवल्या की खोलीचा प्रश्न सुटतो. खास खुर्ची घ्यायची नसेल, तर बिनहाताच्या साध्या खुर्चीवर उलटे, म्हणजे छाती पाठीच्या टेकूकडे करून बसावे किंवा टेबलावर दोन उशा ठेवून त्यांवर दुमडलेल्या हातांत कपाळ टेकवावे. तेवढ्यावरही काम भागते.

दार पूर्ण बंद करू नये. पडदा लावावा आणि आत दोघांपेक्षा अधिक कोणी असू नये. महिला कर्मचाऱ्यांसाठी महिला थेरपिस्ट असावी आणि ती नसेल त्या दिवशी महिलांना कळवून दुसरा दिवस द्यावा. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असतेच. उपक्रम सुरू करण्यापूर्वी त्या समितीला सगळी पद्धत दाखवावी आणि तक्रार कोणाकडे करायची हे खोलीच्या दारावर मराठीत लिहून लावावे. सहकाऱ्यांनी एकमेकांची मालीश करण्याचे ‘सत्र’ कोणी सुचवले, तर ते ठामपणे नाकारावे. साहेबांच्या हाताला किंवा साहेबांच्या खांद्याला नकार देणे कोणालाही सोपे नसते. मालीशला न बसणाऱ्याला कारण विचारू नये आणि बसणाऱ्यांची यादी सूचना फलकावर लावू नये.

कोणाला बसवू नये

अंगात ताप असणे, त्वचेवर संसर्ग किंवा उघडी जखम असणे, अलीकडे हाड मोडलेले किंवा शस्त्रक्रिया झालेली असणे, यांपैकी काहीही असेल तर त्या दिवशी मालीश नको. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, रक्तदाब आटोक्यात नसलेले, हाडे ठिसूळ झालेले, कर्करोगाचे उपचार घेणारे आणि गर्भवती महिला यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच बसावे. एका पोटरीला सूज, ऊब आणि दुखणे एकत्र असेल, तर ती पोटरी मुळीच चोळू नये. आत रक्ताची गुठळी असू शकते. मानेतून हातात कळ उतरत असेल, हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड सैल झाली असेल, तर तो प्रश्न नुसत्या आखडलेल्या स्नायूचा नाही. सर्वांत महत्त्वाचे असे की छातीत दडपण, डाव्या खांद्यात किंवा जबड्यात दुखणे आणि घाम अशी तक्रार घेऊन कोणी ‘जरा खांदा दाबून द्या’ म्हणत आला, तर त्याला खुर्चीत बसवण्यात एक मिनिटही घालवू नये, थेट रुग्णालयात न्यावे.

हे सगळे एका पानाच्या छापील कागदावर, सोप्या मराठीत, ‘होय’ आणि ‘नाही’ अशा चौकटींसह असावे. तो भरलेला कागद थेरपिस्टकडेच राहावा, मनुष्यबळ विभागाकडे जाऊ नये.

प्रत्यक्ष पंधरा मिनिटे

बसण्यापूर्वी गळ्यातील साखळी, मंगळसूत्र, ओळखपत्राची दोरी, खिशातील पेन आणि चष्मा काढून ठेवावा. डोक्याला तेल लावलेले असेल तर चेहरा टेकवण्याच्या गादीवर कागदी आवरण घालावेच, एरवीही ते प्रत्येकासाठी बदलावे. थेरपिस्टने नखे कापलेली ठेवावीत आणि दर वेळी साबणाने हात धुवावेत. आज कोठे दुखते, कोठे हात लावू नये आणि दाब किती हवा, हे विचारावे. शून्य ते दहाच्या मापावर चार ते सहा इतका दाब योग्य. दुखते पण हवेहवेसे वाटते, असा तो असतो. समोरच्याचा श्वास अडकला किंवा पायाची बोटे आवळली गेली, तर दाब जास्त झाला असे समजावे, तो तोंडाने काहीही म्हणो.

पहिले मिनिट दोन्ही तळहात खांद्यांवर नुसते ठेवून तीन-चार संथ श्वास घेऊ द्यावेत. त्यानंतरची चार मिनिटे पाठीला द्यावीत: कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर तळहाताच्या मुळाने वरून खाली कमरेपर्यंत येत, शरीराचे वजन हळूहळू टाकत दाबावे. कण्याच्या हाडांवर कधीही दाबू नये आणि बरगड्यांच्या खाली, जेथे मूत्रपिंडे असतात, तेथे ठोकू नये. पुढची तीन मिनिटे खांद्याच्या पात्याच्या आतल्या कडेसाठी असतात. संगणकावर काम करणाऱ्यांच्या बहुतेक गाठी येथेच सापडतात. गाठ सापडली की ती रगडून फोडण्याचा प्रयत्न करू नये. अंगठ्याने किंवा वाकवलेल्या कोपराने तिच्यावर स्थिर दाब द्यावा, आठ-दहा सेकंदांत ती हाताखाली मऊ होताना जाणवते, मग सावकाश सोडावे. आपल्याकडे जोरकस मालीश म्हणजेच खरी मालीश असा समज आहे, पण दुसऱ्या दिवशी अंग काळेनिळे झालेल्या कामगाराला यंत्रावर उभे राहायचे असते, हे विसरू नये.

दोन मिनिटे खांद्यांच्या वरच्या स्नायूंना द्यावीत. ते पूर्ण पंजात धरून, किंचित उचलून सोडावेत. मानेला दोन मिनिटे पुरेत आणि तीही फक्त मागच्या बाजूला, कवटीच्या खालच्या कडेला बोटांच्या टोकांनी गोलाकार दाब देत. मानेच्या पुढच्या आणि बाजूच्या भागावर दाब नको. मान पिळून ‘कट’ असा आवाज काढण्याची केशकर्तनालयातील पद्धत येथे पूर्णपणे निषिद्ध असावी, कारण मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांमधूनच वर जातात आणि अचानक हिसक्याने त्यांचे आतले अस्तर फाटू शकते. उरलेल्या तीन मिनिटांपैकी दोन हातांना द्यावीत: दंड, कोपरापासून मनगटापर्यंतचा वरचा स्नायू, तळहात आणि अंगठ्याचे मूळ. दिवसभर माउस फिरवणारे कारकून आणि हंगामात कात्रीने घडातील खराब मणी काढणाऱ्या महिला यांचे दुखणे या बाबतीत एकच असते. शेवटच्या मिनिटात डोक्यावरून बोटे फिरवून, पाठीवर हलक्या हाताने थोपटून थांबावे.

उठताना घाई करू देऊ नये. काहींचा रक्तदाब या वेळी थोडा उतरलेला असतो आणि एकदम उभे राहिल्यास भोवळ येते. यंत्रावर परतणाऱ्याने पाणी पिऊन, चार पावले चालून, मगच प्रेस किंवा लेथ सुरू करावे. तिसऱ्या पाळीत मध्यरात्रीनंतर मालीश ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वेळी सैल झालेले शरीर झोपेकडेच जाते.

दोन भेटींच्या मधल्या दिवसांसाठी प्रत्येकाला टेनिसचा एक चेंडू द्यावा. तो मोज्यात घालून, मोजा खांद्यावरून मागे सोडून, भिंत आणि पाठ यांच्या मध्ये धरायचा आणि गुडघे किंचित वाकवत त्यावर हळूहळू टेकायचे. हा उपाय खर्चाच्या मानाने फार परिणामकारक आहे. हसू येते ते फक्त पहिल्या दिवशी.

नोंद आणि तिचा उपयोग

थेरपिस्टजवळ माणसाच्या पाठमोऱ्या आकृतीचे कोरे कागद ठेवावेत. प्रत्येक मालीशनंतर तिने ज्या ठिकाणी ताण आढळला तेथे फुली करावी आणि नावाऐवजी फक्त विभाग लिहावा. व्यक्तीने मालीशपूर्वी व नंतर सांगितलेला दुखण्याचा आकडाही शून्य ते दहामध्ये टिपावा. विभागात चार-पाचच माणसे असतील तर दोन विभाग एकत्र करावेत, म्हणजे फुलीवरून माणूस ओळखता येणार नाही. महिनाअखेर हे कागद विभागवार एकावर एक ठेवून पाहावेत.

फुल्या विखुरलेल्या असतील, तर दुखणी ज्याची त्याची आहेत. पण एका विभागातील बहुतेकांच्या उजव्याच खांद्यावर फुली असेल, तर ते दुखणे माणसांचे नसून टेबलाचे किंवा यंत्राचे आहे. मग मोजपट्टी घेऊन तेथे जावे. उभ्याने हलके काम करताना कामाची पातळी कोपरापेक्षा पाच ते दहा सेंटिमीटर खाली असावी. नजर लावून करायच्या बारीक कामासाठी ती कोपराच्या तितकीच वर असावी. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर असावी, लॅपटॉपखाली ठोकळा आणि वेगळा कीबोर्ड असावा, आणि वारंवार लागणारा ट्रे खांद्याच्या वर ठेवलेला नसावा. मी पाहिलेल्या एका जुळणी विभागात सगळ्यांचे उजवे खांदे आखडलेले होते. सुट्या भागांचा डबा हाताच्या लांबीपलीकडे ठेवलेला होता, एवढेच त्याचे कारण निघाले. डबा जवळ आणायला एका फिटरला अर्धा दिवस लागला.

तीन महिन्यांनी पुन्हा त्याच विभागांचे कागद पाहावेत. मालीशनंतरचा आकडा दर वेळी उतरतो, पण पुढच्या आठवड्यात मालीशपूर्वीचा आकडा पुन्हा तितकाच चढलेला असतो, असे दिसले, तर त्या विभागापुरती मालीश अर्धी करावी आणि वाचलेली रक्कम टेबलांचे पाय कमी-जास्त करण्यासाठी आणि पायांखालच्या रबरी चटयांसाठी वापरावी.